फ्लॉरेन्सचा पित्ती पॅलेस नीट कसा बघायचा (तिकिटापासून ते कोल्हापूरच्या महाराजांच्या छत्रीपर्यंत)

सकाळी उफिझी (फ्लॉरेन्सचं प्रसिद्ध चित्रसंग्रहालय) आणि दुपारी पित्ती असा प्लॅन करून बसला असाल तर आधी तो मोडा. आम्ही तेच केलेलं. उफिझीत चार तास उभं राहून आईचे पाय गेलेले, माझं डोकं गेलेलं, आणि दुपारी पित्तीत शिरलो तर समोर भिंतीवर खालपासून छतापर्यंत चित्रंच चित्रं, सोनेरी फ्रेमला सोनेरी फ्रेम चिकटलेली, आणि आई म्हणाली, "आता मला एक बाकडं दाखव, चित्र नको." मग दोन दिवसांनी परत गेलो, दुसऱ्यांदा तिकीट काढून, आणि तेव्हा कुठे कळलं की हे म्युझियम म्हणून बघायचंच नाही, हा वाडा आहे, आणि वाड्यात आपण कोणाकडे तरी गेल्यासारखं जायचं असतं. तर तो दुसरा दिवस जसा गेला तसं सगळं लिहितेय.

आधी थोडी पार्श्वभूमी, म्हणजे आत गेल्यावर डोकं चालेल. लुका पित्ती नावाचा पैसेवाला बँकर होता, फ्लॉरेन्सवर सत्ता गाजवणाऱ्या मेदिची घराण्याशी त्याचं राजकारणात वाजायचं, त्यानं साधारण १४५८ च्या सुमारास नदीपलीकडे हा वाडा बांधायला काढला आणि काम पुरं व्हायच्या आत १४७२ मध्ये गेला. पुढे १५४९-५० च्या सुमारास हाच वाडा कोणी विकत घ्यावा, तर मेदिचींच्याच सुनेनं, कोसिमो पहिल्याची बायको एलिओनोरा दि तोलेदो हिनं. भाऊबंदकीच्या गोष्टी आपल्याला काय नव्या नाहीत. मूळचा वाडा फक्त मधल्या ७ खिडक्यांएवढा होता, आता जो आडवा लांबलचक दिसतो तो नंतर वाढवत नेलेला. मेदिचींनंतर लॉरेनवाले, म्हणजे व्हिएन्नाच्या बादशाही घराण्याशी सोयरीक असलेले ड्यूक आले, मधे नेपोलियनची माणसं आली, नंतर इटलीचे सव्हॉय राजे, आणि १९१९ मध्ये राजानं तो सरकारला देऊन टाकला. चित्रं मात्र जागची हलली नाहीत, त्याचं श्रेय मेदिचींच्या शेवटच्या वारसदार बाईला, आन्ना मारिया लुईसाला. तिनं १७३७ मध्ये करार करून ठेवला की आमच्या घराण्याचा हा सगळा संग्रह फ्लॉरेन्सच्या बाहेर जाता कामा नये. ती नसती तर आज आपण हीच चित्रं बघायला व्हिएन्नाला गेलो असतो बहुतेक.

दिवस कुठला धरायचा

सोमवारी पित्ती बंद. उफिझी पण सोमवारीच बंद, आणि मायकेलअँजेलोचा डेव्हिड आहे ती अकादमी पण. त्यामुळे फ्लॉरेन्सला दोनच दिवस असतील आणि त्यातला एक सोमवार असेल तर हॉटेल बुक करायच्या आधीच तारखा सरकवा. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी म्युझियम फुकट असतात, ऐकायला भारी वाटतं पण त्या दिवशी अख्खं शहर येतं, सोबत वयस्कर माणसं असतील तर पैसे वाचवायच्या नादात पडू नका.

एरवी वेळ सकाळी सव्वाआठ ते संध्याकाळी साडेसहा, शेवटची एंट्री त्याच्या तासभर आधी. जायच्या आदल्या दिवशी ऑफिशियल साइटवर परत एकदा बघून घ्याच, मधेच एखादा भाग रिस्टोरेशनसाठी बंद ठेवतात. मी म्हणेन सव्वाआठला दारात उभे राहा. टूर ग्रुप आधी उफिझीकडे पळतात, तेव्हा पहिला दीड तास इथल्या खोल्या जवळजवळ तुमच्या एकट्याच्या असतात.

तिकीट

उफिझी, पित्ती आणि बोबोली बाग या तिन्हींचं प्रशासन एकच आहे आणि त्यांची स्वतःची साइट आहे, तिथूनच घ्या. मी पहिल्या वेळेला गुगलवर सगळ्यात वर जी साइट आली तिच्यावरून घेतलं, नाव असं की वाटावं हेच ऑफिशियल, आणि नंतर हिशोब केला तर माणशी जवळपास दीडपट गेलेले आणि "स्किप द लाइन" म्हणजे काय तर जी लाइन नव्हतीच ती स्किप केली. पित्तीला उफिझीसारखी रांग नसतेच, बहुतेक दिवशी खिडकीवर पण आरामात मिळतं.

नुसत्या पॅलेसचं तिकीट मी गेले तेव्हा १६ युरो होतं. बोबोली बागेचं वेगळं, आणि दोन्हीचं मिळून घेतलं तर थोडं स्वस्त पडतं. उफिझी, पित्ती, बोबोली असं तिन्हींचं पाच दिवसांचं एकत्र तिकीट पण आहे, त्यात उफिझीची वेळ बुक करायची आणि बाकी दोन त्या पाच दिवसांत केव्हाही. फ्लॉरेन्सला तीन दिवस असाल तर डोळे मिटून तेच घ्या, मुख्य म्हणजे त्यामुळे सगळं एका दिवसात कोंबायचा मोह होत नाही.

१८ च्या आतल्या पोरांना फुकट आहे, कुठल्याही देशाची असोत, पण पासपोर्ट दाखवावा लागतो. १८ ते २५ ची जी दोन युरोची सवलत लिहिलेली असते ती युरोपियन युनियनवाल्यांची, आपल्या कॉलेजातल्या पोरांना ती लागू नाही, काउंटरवर वाद घालू नका, आमच्या पुढच्या एका काकांनी घातला आणि दहा मिनिटं गेली.

पोचायचं कसं

रोमहून फास्ट ट्रेननं दीड तासाच्या आसपास, उतरायचं सांता मारिया नोव्हेला स्टेशनवर. तिथून चालत वीस-पंचवीस मिनिटं, सोबत आई-बाबा असतील तर पाऊण तास धरा. सगळे पोंते वेक्कियो पुलावरून जातात. तो तुम्ही बघालच, पण जाताना त्याच्या शेजारच्या सांता त्रिनिता पुलावरून जा, तिथून पोंते वेक्कियोचा फोटो पण चांगला येतो आणि पुढे व्हिया माज्जोनं सरळ पित्तीपाशी निघता. पोंते वेक्कियोवर दोन्ही बाजूंनी फक्त सोन्याची दुकानं, आपल्या कोल्हापूरची गुजरीच (सराफ बाजार) पुलावर आणून ठेवल्यासारखी. आधी तिथे खाटीक बसायचे, १५९३ मध्ये ग्रँड ड्यूकनं, म्हणजे इथल्या मेदिची राज्यकर्त्यानं, त्यांना उठवलं आणि सोनारांना बसवलं, कारण त्याच दुकानांच्या डोक्यावरून राजघराण्याचा खाजगी बोळ जातो आणि वास यायचा! हा बोळ म्हणजे व्हासारी कॉरिडॉर, १५६५ मध्ये पाचेक महिन्यांत बांधलेला, राजवाड्यातनं ऑफिसला जाताना रस्त्यावर उतरायला नको म्हणून. २०२४ च्या शेवटी तो परत उघडलाय, त्याचं तिकीट उफिझीबरोबर आधी बुक करावं लागतं. तर सांगायचं हे की बरोबर मावशी-काकू असतील तर पोंते वेक्कियो परतीच्या वाटेवर ठेवा, सकाळी गुजरीत शिरलात की पित्ती राहिलंच.

बूट रोजचे वापरातले घाला. रस्ते सगळे दगडी फरशांचे आहेत आणि पॅलेससमोरचं मैदान चक्क उताराचं आहे.

दारात

समोर उभं राहिलं की पहिल्यांदा निराशाच होते. ओबडधोबड मोठाले दगड, नक्षी नाही, रंग नाही, एखाद्या गडाचा तट बघतोय असं वाटतं. ते मुद्दामच तसं आहे. तिकीट खिडकी पॅलेसकडे तोंड केलं की उजव्या हाताला, आणि आत जायचं मधल्या मोठ्या दारातून. मशीनमधून बॅगा जातात. पाठीवरची मोठी सॅक, मोठी छत्री जमा करायला सांगतात, म्हणून आदल्या रात्रीच छोटी पर्स काढून ठेवा. फोटो काढता येतात, फ्लॅश आणि सेल्फी स्टिक चालत नाही. पाण्याची छोटी बाटली ठेवा.

टॉयलेटला खालीच जाऊन या. खरंच सांगतेय. वरच्या खोल्या एकातून एक निघतात, मधूनच मागे फिरायचं म्हणजे सगळ्या गर्दीच्या उलट दिशेनं यावं लागतं. आणि जिने दमवणारे आहेत, मजले उंच असल्यामुळे आपल्या हिशोबानं तीन मजले चढल्यासारखे होतात. लिफ्ट आहे, गुडघेदुखीवाल्यांनी लाजू नका, गार्डला "अशेन्सोरे" एवढा एकच शब्द म्हटला की तो दाखवतो.

आता आत: कुंडलीतून चालायचं

पहिल्या मजल्यावरची गॅलेरिया पॅलाटिना हा मुख्य ऐवज, पाचशेच्या आसपास चित्रं. इथे एक गोष्ट आधी समजून घेतली की पुढचं सगळं सोपं जातं: ही चित्रं काळाप्रमाणे लावलेली नाहीत, चित्रकाराप्रमाणे पण नाहीत. भिंतीवर कुठली फ्रेम कुठे शोभते, डावीकडे मोठं गेलं तर उजवीकडे तेवढंच मोठं, असं राजवाड्याच्या हौसेनं लावलंय आणि ते तसंच ठेवलंय. त्यामुळे राफाएलच्या शेजारी कोणीतरी ज्याचं नाव आपण जन्मात ऐकलेलं नाही तो, आणि दाराच्या वर अंधारात तिशियन, असं होऊ शकतं. लेबलं बारीक आहेत. सगळी वाचायला गेलात तर तिसऱ्या खोलीत संपाल.

मधल्या पाच मोठ्या खोल्यांना ग्रहांची नावं आहेत, व्हिनस, अपोलो, मार्स, ज्युपिटर, सॅटर्न. म्हणजे आपले शुक्र, रवी, मंगळ, गुरू, शनी. छतं पिएत्रो दा कोर्तोना या माणसानं १६४१ पासून रंगवायला घेतली आणि उरलेलं त्याचा शिष्य चिरो फेर्री यानं पुरं केलं. गोष्ट अशी की एक राजपुत्र आहे, शुक्राच्या खोलीत त्याला बुद्धीची देवी मिनर्व्हा प्रेमाच्या मिठीतून अक्षरशः ओढून काढते आणि हर्क्युलीसच्या हवाली करते, मग एकेका ग्रहाच्या खोलीत तो एकेक गोष्ट शिकत जातो आणि शनीपाशी, म्हातारपणी, मोठा होऊन देवांच्यात जातो. आईला हे एकदा सांगितल्यावर ती पुढच्या प्रत्येक खोलीत आधी छताकडे बघायला लागली, "आता मंगळ का? बघू काय करतोय." गुरूच्या खोलीत सिंहासन असायचं, म्हणजे भेटायला आलेल्या माणसाला तीन ग्रह ओलांडल्याशिवाय राजा दिसायचाच नाही. गंमत बघा, हा ग्रहांचा क्रम जुना, पृथ्वी मधोमध धरलेला. याच घराण्याच्या नावावर गॅलिलिओनं १६१० मध्ये गुरूचे चार चंद्र केलेले, आणि इथे छतं रंगवायला घेतली तेव्हा तोच गॅलिलिओ पित्तीच्या मागच्या टेकड्यांत आर्चेत्रीला नजरकैदेत, आंधळा होऊन बसलेला.

माझी पद्धत सांगते, प्रत्येक खोलीत हीच. शिरल्यावर मधोमध थांबायचं आणि मिनिटभर फक्त वर बघायचं. मग भिंतीवर डोळ्याच्या उंचीला जे आहे तेवढंच, त्यातलं एक किंवा दोन निवडून जवळ जाऊन बघायचं. वरच्या ओळीतलं एखादं खुणावत असेल तर मोबाइलचा कॅमेरा झूम करून बघा, छोटी दुर्बीण असेल तर अजूनच छान. खिडकीसमोरच्या चित्रांवर उजेड चमकतो, समोरून काही दिसत नाही, दोन पावलं बाजूला सरकून तिरकं बघा. बाकीच्या चित्रांना मनातल्या मनात नमस्कार करून पुढे.

चुकवू नये अशी कुठली, तर शुक्राच्या खोलीत मधोमध कानोव्हाची संगमरवरी व्हिनस. नेपोलियननं मेदिचींची प्राचीन व्हिनस पॅरिसला उचलून नेली, त्या रिकाम्या जागेसाठी ही करून घेतली. पुढे जुनी परत आली, ती उफिझीत आहे, आणि ही इथे राहिली. मागून जाऊन बघा, अंगाशी धरलेलं वस्त्र ओलं असल्यासारखं वाटतं.

मंगळाच्या खोलीत रुबेन्सचं युद्धाचे परिणाम दाखवणारं मोठं चित्र, १६३७-३८ चं, तेव्हा युरोपात तीस वर्षांचं युद्ध चालू होतं. मंगळ तलवार घेऊन निघालाय, शुक्र त्याला दंडाला धरून थांबवतेय, त्याच्या पायाखाली पुस्तकं आणि कागद तुडवले जातायत, आणि डावीकडे काळ्या कपड्यातली बाई हात वर करून आक्रोश करतेय, ती युरोप. हे मी लावलेले अर्थ नाहीत, रुबेन्सनं स्वतः पत्र लिहून सगळं समजावलंय. या एका चित्रासमोर दहा मिनिटं द्या.

गुरूच्या खोलीत राफाएलची "ला व्हेलाता", म्हणजे पदरवाली बाई म्हणा, साधारण १५१६ ची. सगळे तिच्या चेहऱ्याकडे बघतात, तुम्ही बाही बघा. पांढरी रेशमी बाही, सोनेरी काठाची, आणि ती एवढी फुगलेली, चुरगळलेली की अर्धं चित्र तिनंच खाल्लंय. जवळून बघितलं की नुसते पांढरे-करडे-पिवळट फटकारे दिसतात, चार पावलं मागे आलं की कापड सळसळतं. आई पैठण्या हाताळणारी बाई, तिनं तिथल्या तिथे निकाल दिला, "हे सिल्क महागातलं आहे, असल्या चुण्या स्वस्त कापडाला पडत नाहीत." एक हात छातीवर, डोक्यावरून पदर, आणि कानाशी एक बट सुटलेली. राफाएलची ही कोण होती यावर लोक अजून भांडतायत, परंपरेनं ती त्याची प्रेयसी.

शनीच्या खोलीत त्याचीच गोल मॅडोना, "मॅडोना देल्ला सेज्जोला". सेज्जोला म्हणजे साधी खुर्ची. चित्र छोटं आहे, व्यास ७१ सेंटिमीटर, आणि फ्रेमच एवढी मोठी की पहिल्यांदा तीच दिसते. मेरीनं डोक्याला पट्ट्यापट्ट्यांचं कापड गुंडाळलंय, अंगावर हिरवी शाल, आणि पोराला असं कवटाळलंय की त्याचा कोपर, तिचा गुडघा, तिचं वळलेलं डोकं, सगळं त्या गोलात बसून जातं आणि कुठे कोपरा उरतच नाही. ती आपल्याकडेच बघत असते, तुम्ही कुणाच्या घरात न विचारता शिरलात आणि पोर नुकतंच झोपायला आलंय असं. हे पण नेपोलियनच्या माणसांनी पॅरिसला नेलेलं, तो हरल्यावर परत आलं.

यापुढच्या खोल्या लहान आहेत आणि तिथे लोक दमून झपाझप निघतात, पण काराव्हाज्जोचा झोपलेला क्युपिड तिथेच आहे, १६०८ मध्ये माल्टात काढलेला. गोंडस बाळ बघायची अपेक्षा ठेवू नका. काळोखात पडलेलं, फिकट, ओठ कोरडे, पोट फुगलेलं पोर आहे, झोपलंय की अजून काही, कळत नाही. आर्तेमिसिया जेंतिलेस्कीची ज्युडिथ (बायबलमधली, शत्रूच्या सेनापतीचं मुंडकं उडवणारी) आणि तिची मोलकरीण पण शोधा. मुंडकं टोपलीत आहे आणि दोघी एकदम मागे वळून बघतायत, कोणी आलं का. नेपोलियनसाठी करून घेतलेलं संगमरवरी न्हाणीघर वाटेत लागतं, गडी तिथे आंघोळीला कधी आलाच नाही.

एवढं दोन-अडीच तासांत होतं. बाकी वरच्या मजल्यावर आधुनिक कलेची गॅलरी, कपड्यांचं म्युझियम, खाली ग्रँड ड्यूकांचा खजिना, आणि पहिल्याच मजल्यावर शाही दालनं, सगळं त्याच तिकिटात. यातलं एकच घ्या. आम्ही खजिना घेतला कारण तळमजल्यावर आहे आणि आईला चढायचं नव्हतं, एवढं साधं कारण.

जेवण

पॅलेसच्या अगदी समोरच्या टेबलांवर बसू नका, तिथे जागेचे पैसे असतात. पाच मिनिटांवर सांतो स्पिरितो चौक आहे, तिकडे जा. शाकाहारी असाल तर रिबोलिता मागा, शिळा ब्रेड, घेवडा आणि पालेभाजी घालून शिजवलेलं घट्ट सूप, चव फोडणी नसलेल्या घरच्या भाजीसारखी, पोट टम्म भरतं. पाप्पा आल पोमोदोरो म्हणजे टोमॅटोत शिजवलेला ब्रेड. कडक शाकाहारी लोकांनी "सेन्झा फोर्माज्जो" म्हणायचं, कारण पार्मेजान चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट असतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. बिलात "कोपेर्तो" म्हणून माणशी एक-दोन युरो लावलेले दिसतील, ती फसवणूक नाही, बसायचा चार्ज आहे. कॉफी काउंटरवर उभ्यानं प्यायली तर बसून पिण्यापेक्षा बरीच स्वस्त. नळाचं पाणी पिता येतं, बाटली भरून घ्या.

बोबोली बाग

जेवून मगच, आणि उन्हाळ्यात तर ऊन उतरल्यावर. नाव बाग असलं तरी तो डोंगरच आहे, सरळ चढ, सावली मधूनमधून. पॅलेसच्या मागून वर गेलं की इजिप्तहून आलेला ओबेलिस्क, म्हणजे उंच दगडी खांब, त्याच्या वर त्रिशूळवाला नेपच्यून, आणि अगदी वरून फ्लॉरेन्सची लाल कौलं दिसतात. चढवत नसेल तर खालच्या अंगाला बुओन्तालेंतीची गुहा आहे तेवढी बघा, भिंतीतून माणसं वितळून बाहेर येतायत असं काम. कोपऱ्यांतले मायकेलअँजेलोच्या कैद्यांचे पुतळे नकला आहेत, खरे अकादमीत. आणि कासवावर बसलेला उघडा ढेरपोट्या गृहस्थ, हा मोर्गांते, दरबारातला बुटका. याच्याबरोबर फोटो काढल्याशिवाय कोणी बाहेर पडत नाही.

आणि कोल्हापूरवाल्यांसाठी, खरं तर सगळ्याच मराठी माणसांसाठी

संध्याकाळ मोकळी असेल तर कासीने पार्कला जा. इंग्लंडहून परत येताना कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज याच शहरात ३० नोव्हेंबर १८७० ला गेले. वय वर्षं २०. त्या वेळी फ्लॉरेन्स इटलीची राजधानी होती आणि इटलीचा राजा पित्ती पॅलेसमध्ये राहत होता, म्हणजे सकाळी आपण ज्या खोल्यांतून फिरलो तिथे. दहनाची तिथे पद्धतच नव्हती, खास परवानगी काढून आर्नो आणि मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर रात्री अग्नी दिला. १८७४ मध्ये तिथे छत्री उभी राहिली, खाली महाराजांचा अर्धपुतळा. छत्रीचं डिझाइन चार्ल्स मँटचं, ज्यानं पुढे कोल्हापूरचा न्यू पॅलेस बांधला तोच. त्या जागेला इटालियन लोक "इन्दियानो" म्हणतात, आणि शेजारच्या हायवेच्या पुलाचं नाव पण तेच.

छत्री पार्कच्या पार पश्चिम टोकाला आहे, हे लक्षात ठेवा. ट्राम शहराकडच्या टोकाला सोडते आणि तिथून झाडांतनं बरंच चालावं लागतं, आम्ही दमलेलो म्हणून टॅक्सी केली. ड्रायव्हरला "मोनुमेंतो आल्ल इन्दियानो" म्हटल्यावर त्यानं लगेच मान हलवली. अंधार पडायच्या आत पोचा, एरवी तिकडे फक्त सायकलवाले आणि कुत्री फिरवणारे असतात. आम्ही रिकाम्या हातानं गेलो, आईला ते फार लागलं, शेवटी तिनं पर्समधली हळदकुंकवाची पुडी काढली आणि मग कठड्यापाशीच चिमूटभर ठेवली. फुलं न्यायची असतील तर गावातूनच घ्या.